पुन्हा चौथीत बसवू का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते.

मुलगा गावातल्या सरकारी मराठी शाळेत चौथीत आहे. डिसेंबरचा जन्म. पाच वर्षं पाच महिने भरले तसं पहिलीत घातलं. दुकानातून आणलेले सुटे पैसे कधी चुकत नाहीत, पण मराठीचा धडा वाचताना अडखळतो. कन्नडचं कागुणित, म्हणजे बाराखडी, अजून पक्कं नाही आणि इंग्रजीचं पुस्तक काढलं की पोटात दुखायला लागतं. थोरली मुलगी सातवीत, तिला कधी ‘अभ्यासाला बस’ म्हणावं लागलं नाही. घरच्यांनी मुलाला बेळगावच्या एका खासगी इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलंय. त्या शाळेने टेस्ट घेतली आणि सांगितलं, घेतो, पण चौथीतच पुन्हा बसवावं लागेल. वडील तयार आहेत. “मी बी चौथीत दोनदा बसलोय की, काय बिघडलं? पाया पक्का होतो,” असं त्यांचं म्हणणं. ते नववीतून शाळा सोडून बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत लागले. महाराष्ट्रातल्या चंदगडचा मामा म्हणतो, “माझ्याकडं धाडा, कन्नडची कटकटच नको.” आई विचारते, वर्ष मागे ठेवावं का? आणि मुलगे असेच आळशी असतात का?

ताई,

पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. सुटे पैसे कधी चुकत नाहीत, हे ते वाक्य. शंभरची नोट देऊन अडुसष्टचं सामान घेणारा आणि बत्तीस रुपये मोजून खिशात टाकणारा पोरगा वजाबाकीत कच्चा नसतो. हाच पोरगा गणिताच्या पेपरात जागा कोरी सोडून येत असेल, तर ‘एका शेतकऱ्याने बाजारात’ असं सुरू होणारं तीन ओळींचं उदाहरण त्याला वाचताच आलं नसणार. परिसर अभ्यासाचंही तेच होत असेल. म्हणजे त्याचं अडलंय ते वाचनात. आणि वाचायला शिकवतात पहिली-दुसरीत. चौथीच्या वर्गात चौथीचं पुस्तक पुन्हा उघडल्यावर दुसरीत राहून गेलेलं आपोआप भरून येईल, हे आपण कशावरून धरून चालतो?

‘पाया पक्का होतो’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा बोललं जातं, की त्याला कुणी उलटा प्रश्नच विचारत नाही. मी विचारते. पाया पक्का करायला त्या दुसऱ्या वर्षात वेगळं काय होणार आहे? खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या कितीतरी शाळांत एकाच बाई तीन-तीन इयत्ता एका खोलीत सांभाळतात. मराठी शिक्षकाची जागा रिकामी असेल तर अर्धं वर्ष अतिथी शिक्षकाची वाट बघण्यात जातं. जुलैत पाऊस लागला की जांबोटी-कणकुंबीकडे शाळेचे दिवस बुडतात ते वेगळेच. अशा खोलीत तुमचा मुलगा वर्षभर जास्त बसला काय आणि पुढे गेला काय, त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडून वाचून घेणारं कुणी नसेल तर काही बदलत नाही. फक्त त्याचे सोबती पाचवीत जातात, आणि हा धाकट्यांच्या रांगेत उभा राहतो. गावात ते सगळ्यांना दिसतं.

आता आळशीपणाचं. नुसते आकडे बघितले तर तुमचा संशय खरा वाटेल. युनेस्कोने 2022 मध्ये मुलग्यांचं शाळेतून मन का उडतं यावर एक जागतिक अहवाल काढला. आकडे हाती असलेल्या 142 देशांपैकी 130 देशांत, प्राथमिक शाळेत त्याच वर्गात पुन्हा बसण्याची वेळ मुलींपेक्षा मुलग्यांवर जास्त येते, असं त्यात आहे. दहाव्या वर्षी वाचता येण्यातही, माहिती असलेल्या 57 देशांत मुलगे मुलींच्या मागे. पण अहवालात कारणं दिलीत ती वाचा: गरिबी, लवकर कामाला लागणं, वर्गातला मार आणि दहशत, आणि अभ्यास करणं पुरुषासारखं नाही ही सवंगड्यांतली समजूत. आळस त्यात कुठे नाही.

आणि आपल्या घरांत काय चालतं? संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तुमची लेक कुठे असावी आणि कुठे नसावी, हे तिच्यासाठी ठरलेलं असतं. अंधार पडायच्या आत तिने घरात यायचं. धाकट्याला कुणी विचारत नाही. तो देवळापुढे क्रिकेट खेळतो, गणपतीच्या आधी मंडळाच्या मांडवात असतो, मे महिन्यात काजू वेचायला जातो. ती घरात असते म्हणून आजीच्या गोळ्यांचं पाकीट तीच वाचते, गॅसच्या पुस्तकातली तारीख तीच बघते, लग्नपत्रिका आली की तीच मोठ्याने वाचून दाखवते. रोज थोडं थोडं वाचन तिच्या हातून होतं. तिची हुशारी मी नाकारत नाही, पण त्या वाचनात तिला घरात अडकवून ठेवल्याचाही वाटा आहे, आणि ती काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे. तेव्हा अक्काचं उदाहरण त्याला रोज देणं बंद करा. दोघांवरही त्यात अन्याय होतो.

सीमाभागातल्या मुलाचं ओझं वेगळं मोजायला हवं, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. चंदगडच्या मुलाला दोन लिप्या शिकाव्या लागतात, तुमच्या मुलाला तीन. देवनागरीतले घ आणि ध, भ आणि म अजून डोळ्यांत ठसलेले नाहीत, तोवर कन्नडची प, व आणि म ही अक्षरं समोर येतात, जिथे एका वळणाचा फरक. तेवढ्यात इंग्रजीचे बी आणि डी. ज्यांची पहिली लिपी पक्की आहे ती मुलं दुसरी, तिसरी भराभर उचलतात. बेळगावात तीन भाषा फाडफाड बोलणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. पहिलीच डळमळीत असली की तिन्हींची खिचडी होते. त्यात तुमचा मुलगा अंगणवाडीत जायच्या वयाचा झाला तेव्हा, 2020 च्या मार्चपासून दीड वर्षाहून अधिक काळ, अंगणवाड्याच बंद होत्या. गाणी, गोष्टी, पाटीवर रेघोट्या ओढणं, हे सगळं टाळून तो थेट पहिलीत आला. आणि आला तोही वर्गातल्या सगळ्यांत लहानांपैकी एक म्हणून.

इथे मला तुमच्या यजमानांच्या बाजूने बोलायला हवं. डिसेंबरच्या जन्माचं तुम्ही लिहिलंत ते बारीकसारीक नाही. वर्गात वयाने लहान असलेली मुलं सुरुवातीची काही वर्षं मागे दिसतात, आणि शिक्षक त्यांना ‘मंद’ म्हणून मोकळे होतात. कर्नाटकाने आता पहिलीसाठी 1 जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत अशी अट आणली आहे, 2025-26 या वर्षापुरती सवलत देऊन. ही अट तेव्हा असती तर तुमचा मुलगा आज तिसरीतच असता. त्यामुळे ‘एक वर्ष खाली बसला तर बरोबरीच्या पोरांत येईल’ हा विचार अगदीच टाकाऊ नाही. पहिलीच्या आधी तुम्ही मला हे विचारलं असतंत, तर मी ‘थांबा वर्षभर’ असंच सांगितलं असतं. लांबच्या आजारपणात वर्ष बुडालं असेल तरी मी वेगळा विचार केला असता. पण चौथीपर्यंत वयाचा तो फरक पुसट व्हायला लागतो, आणि मागे ठेवल्याची बोच मात्र याच वयात कळायला लागते. पहिलीत उशिरा जाणारं मूल मागे पडत नाही. चौथीत परत बसणारं पडतं, आणि त्याला ते माहीत असतं.

‘मी बी दोनदा बसलोय’ हेही खरंच आहे. त्यांच्या लहानपणी ते सर्रास होतं. त्यांच्या आजोबांच्या काळात, बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं तेव्हा, सातवीची मुलकी परीक्षा असायची आणि मुलकी पास झालेल्याला गावात मान होता. बाकीची मुलं वाटेत कुठल्या ना कुठल्या वर्गात अडकून शेतावर जायची. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला आणि त्याच्या 16 व्या कलमाने आठवीपर्यंत मागे ठेवणं थांबलं. 2019 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाला तर जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यातही अडला तर मागे ठेवायचं की नाही ते राज्याने ठरवायचं. कर्नाटकाने 2022-23 ला पाचवी-आठवीचं राज्यस्तरीय मूल्यमापन घेतलं ते कुणाला मागे ठेवणार नाही असं सांगूनच. पुढच्या वर्षीच्या परीक्षा कोर्टात गेल्या आणि एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालच थांबवला.

या सगळ्यातून तुमच्या कामाची गोष्ट एवढी की चौथीत मूल मागे ठेवण्याची मुभा जुन्या कायद्यातही नाही आणि दुरुस्तीतही नाही. गावातली शाळा त्याला पाचवीत पाठवणारच. मग आजकाल मुलं वर्ष मागे जातात कशी? टीसी काढून. माध्यम बदलताना पालकच होकार देतात. आणि यात मुलगेच जास्त का, तेही उघड आहे: फीची शाळा आधी मुलासाठी शोधली जाते. देशभर खेड्यांत खासगी शाळांत मुलींपेक्षा मुलग्यांचं प्रमाण जास्त असल्याचं ‘असर’ या खेड्यांतल्या शिक्षणाच्या पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवतात. तुमच्याच घरात बघा. सातवीतल्या हुशार मुलीसाठी इंग्रजी शाळेचा विषय निघाला होता का कधी?

त्या खासगी शाळेबद्दल. प्रवेशासाठी मुलाची चाळणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमाने बंदी आहे. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि नंतर दर वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, एवढं लक्षात ठेवा. मी तुम्हाला भांडायला पाठवत नाही. पण ‘टेस्टमध्ये कमी पडला’ हे वाक्य ऐकून तुम्ही खाली मान घालून बाहेर पडला असाल, तर ती वर करा. दहा मिनिटांच्या इंग्रजी पेपरातून एवढंच कळलं की मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी येत नाही. ते तुम्ही घरीच सांगितलं असतं. त्यांना एकच विचारा: याला चौथीत घेतल्यावर पहिले सहा महिने तुम्ही शाळेत, शाळेच्या वेळेत, त्याच्यासाठी वेगळं काय करणार? उत्तर ‘ट्यूशन लावा’ असं आलं तर समजून जा. आणि कन्नड तिथेही आहेच. 2015 च्या कन्नड शिक्षण कायद्याने ते राज्यातल्या सगळ्या शाळांत आणलंय, माध्यम कुठलंही असो.

इंग्रजी माध्यम वाईट, असं मी म्हणत नाही. पण माध्यम बदलणं आणि वर्ष मागे ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या घरात त्यांची गाठ बांधली गेली आहे. ती सोडवा. वाचन सुधारलं तर माध्यमाचा विचार सहावीला करता येतो, आठवीला हायस्कूल बदलताना करता येतो. ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेतच वाचता येत नसताना परकी भाषा लादली, तर वर्ष जाईल आणि वाचनही जाईल.

मामांचा जीव आहे भाच्यावर, ते समजतं. पण महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला परीक्षा आणलीय, आणि फेरपरीक्षेतही नापास झालं तर तिथे पाचवीत ठेवतात. म्हणजे वर्ष मागे राहायची जी भीती आपण टाळतोय, ती तिथेच दारात उभी आहे. शिवाय पुढे कधी परत आणायचं झालं तर मधल्या वर्षांचं कन्नड कोण भरून देणार? नऊ वर्षांच्या पोराला आईपासून लांब ठेवायचं ते तर राहिलंच.

तेव्हा माझं मत: मागे ठेवू नका, टीसी काढू नका, आणि पाचवी सुरू व्हायच्या आत वाचनाला लागा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत सुट्टी हाताशी आहे.

सुरुवात अशी करा. दुसरीचं मराठीचं पुस्तक कुणाकडून तरी आणा आणि त्याने न वाचलेला एक उतारा त्याला मोठ्याने वाचायला द्या. चूक दुरुस्त करू नका, नुसतं ऐका. काही मुलं प्रत्येक अक्षरावर बोट ठेवतात, क…म…ळ म्हणतात आणि तरी शब्द जुळत नाही. काही पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकून देतात, ‘पाऊस’ असेल तिथे ‘पाणी’. काही सरळ वाचतात, फक्त जोडाक्षर आलं की गाडी थांबते. आणि काही धडधडीत वाचून जातात, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. प्रत्येकाचा उपाय वेगळा. पहिल्याला दोन आणि तीन अक्षरी शब्दांचा भरपूर सराव लागतो. दुसऱ्याला सावकाश वाचायची सवय लावावी लागते आणि अंदाज ठोकल्यावर ओरडायचं नसतं, ‘बघ पुन्हा’ एवढंच म्हणायचं. तिसऱ्याला रोज पाच-सहा जोडाक्षरांचे शब्द द्या, वहीत आणि तोंडी. चौथ्याशी वाचलेल्यावर गप्पा मारा. पुस्तक दुसरीचं म्हणून त्याला लाज वाटत असेल तर कव्हर घाला. हे मी गमतीने सांगत नाही, मुलं कव्हरावरून पातळी ओळखतात.

मग बाईंना भेटा. ‘कसा आहे हो?’ असं विचारलंत तर ‘लक्ष देत नाही’ हेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा, कुठल्या इयत्तेचं पुस्तक न अडखळता वाचतो? कुठली अक्षरं चुकतात? तुमच्यासारख्या आणखी तीन-चार घरांची मुलं याच अवस्थेत असणार. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी 44.8 टक्क्यांनाच दुसरीचं वाचता आलं, म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं तुमच्या मुलाच्याच रांगेत आहेत. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, बैठकीत हा विषय काढा: शाळा सुटल्यावर किंवा भरायच्या आधी अर्धा तास, इयत्ता बाजूला ठेवून ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे गट करून वाचन. गावातली डी.एड. झालेली एखादी मुलगी, एखादे निवृत्त गुरुजी मिळतात. खोलीच्या किल्लीपेक्षा फारसा खर्च नाही.

घरात रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. अक्काला त्याची मास्तरीण करू नका. दोघांनी एक-एक ओळ आळीपाळीने वाचावी. क्रिकेटवेड्या पोरासमोर ‘तरुण भारत’चं खेळाचं पान टाका. देवळापुढच्या मॅचचा स्कोअर लिहायचं काम त्याला मिळवून द्या, सगळ्यांची नावं मराठीत लिहून. पोरांत त्या वहीला मोठी किंमत असते. कन्नडसाठी बसस्टँडवर चला आणि बसची पाटी वाचायला लावा. खानापूर, नंदगड, बेळगाव ही नावं त्याला तोंडपाठ आहेत, त्यामुळे अक्षर कुठलं ते तो स्वतः ओळखत जाईल.

तीन-चार महिने खंड न पाडता हे करूनही काहीच हललं नाही, तर ‘डोकं नाही’ म्हणून सोडू नका. वाचनाची अडचण ही 2016 च्या दिव्यांग कायद्यात मान्य झालेली अध्ययन-अक्षमता, डिस्लेक्सियासारखी, असू शकते. खानापूरच्या बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, कार्यालयात समावेशित शिक्षणाच्या शिक्षकांची चौकशी करा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी कुठे होते ते तेच सांगतील.

यजमानांना हे वाचायला द्या. वाद घालू नका, त्यांना एवढंच विचारा: दुसऱ्यांदा चौथीत बसलात त्या पहिल्या दिवशी कुणाशेजारी बसलात? जुने मित्र मधल्या सुट्टीत खेळायला घेत होते का? चौथीत गेलेल्या वर्षामुळेच नववीत शाळा सुटली असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. पण नववीत वर्गात सगळ्यांत मोठं असणं कसं वाटतं, हे तुमच्या घरात तेच सांगू शकतात.

पाचवीच्या दसऱ्याच्या सुट्टीत तोच दुसरीचा उतारा पुन्हा वाचायला द्या आणि मला कळवा. डोळ्यांची आणि कानांची तपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या. ती सुट्टीवर ढकलू नका. फळ्यावरचं दिसत नाही हे नऊ वर्षांचं मूल स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं.